डब्यातलं शेवटचं कार्ड

आप्पा, आज तुमचा पत्र्याचा डबा काढला. सात वर्षं तो स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या वरच्या फळीवर होता, आईने वर तुमचा जुना पंचा घालून ठेवला होता. मी रोज खालच्या फळीवरनं मिठाची बरणी काढत होते, पण वर हात घातला नव्हता. आज घालावा लागला, कारण उद्या सकाळी तुमचे एक विद्यार्थी यायचेत. ते उंच, चष्मा सारखा नाकावर ढकलणारे, जे रविवारी तुमच्याकडे यायचे आणि आईने घातलेली घावनं मोजायचे नाहीत. आता ते मुंबईला असतात, तुमच्यासारखंच काम करतात. कॉलेजात तुमच्या विभागात एक काचेचं कपाट होणार आहे, त्यात तुमच्या वस्तू मांडायच्या आहेत, म्हणून ते डबा न्यायला येणार. आई म्हणाली, "पुसून ठेव गो जरा, धूळ बघून काय म्हणतील ते." म्हणून स्टुलावर चढले. पुसायला घेतला, उघडला, आणि पुसायचं राहिलंच. आता वही घेऊन बसलेय. शाळा सोडल्यापासून बाटल्यांच्या चिठ्ठ्या सोडून मी काही लिहिलेलं नाही, "आगळ, मिठाचं" आणि "सरबत, साखरेचं" एवढंच, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं बघू नका. तुमचं एक अख्खं वर्ष माझ्यामुळे फुकट गेलं, ते मला तुम्हाला सांगायचंय. तोंडाने सांगायचं होतं, ते जमलं नाही. माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

मी लहान असताना कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, की मी आईच्या पदराआड जायची आणि आई सांगायची, "कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात." ते खरंच होतं, पण अर्धं. दुसरं अर्धं पडवीतल्या कपाटात होतं, छोट्या छोट्या बाटल्यांत. रातांब्याचे दिवस आले की आई रातांबे फोडून बिया वेगळ्या करायची, सालं उन्हात वाळत घालायची, आणि तुम्ही त्यातली मूठभर उचलून न्यायचात. "माझ्या सोलकढीचं काय?" आई विचारायची. "सोलकढी दुपारपर्यंत संपते, हे टिकेल," तुम्ही म्हणायचात. त्या सालांतनं तुम्ही एक पिवळा पदार्थ काढायचात, तो कशात तरी विरघळवून बाटलीत ठेवायचात, तोंडाला कागद, कागदाला टाचणीने एक भोक, आणि मग नुसतं थांबायचं. महिना, दोन महिने. कधी तळाशी नुसता चिखल बसायचा. कधी सुया यायच्या, पिवळ्या, केसाएवढ्या. मी एकदा बाटली उचलून उजेडात हलवून बघितली. तुम्ही ओरडलात, आयुष्यात तेवढंच एकदा माझ्यावर ओरडलात. "ठेव खाली! स्फटिक होत असताना हलवायचं नाही, कितीदा सांगितलं?" मी पडवीच्या खांबामागे जाऊन बसले. थोड्या वेळाने तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "तुझ्यासारखेच आहेत गो ते. कुणी टक लावून बघितलं की होतच नाहीत. सावकाश होऊ दिलं की चांगले होतात." हे मी किती वर्षं पुरवून पुरवून वापरलं, काय सांगू तुम्हाला. शाळेत बाई रागावल्या की मनात म्हणायची, मी सावकाश होणार आहे.

त्या सुईच्या आत काय आहे ते तुम्हाला बघायचं होतं. आत म्हणजे एकदम आत, कुठला अणू कुठे बसलाय, कुणाच्या शेजारी कोण. मी विचारलं, भिंगातनं दिसतं? तुम्ही म्हणालात, कुठल्याच भिंगातनं दिसत नाही, त्याचं गणित करावं लागतं. मग एका रविवारी भाट्याच्या वाळूत मला नीट सांगितलंत. ओहोटी आहे. वाळूवर लाटा येऊन गेल्याच्या रेषा आहेत, एकात एक. तुम्ही चपला हातात घेऊन उभे आहात आणि विचारताय, "ही लाट केवढी होती, सांगता येईल?" मी मान हलवते. जिथपर्यंत रेघ, तेवढी. "आणि कधी आली होती? ह्या दुसरीच्या आधी की नंतर?" मला सांगता येत नाही. "मलाही नाही," तुम्ही हसता. "स्फटिकावर क्ष-किरण सोडले की असंच होतं. फिल्मवर ठिपके पडतात. ठिपका किती काळा, त्यावरनं लाट केवढी ते कळतं. कधी निघाली ते कुणी लिहून ठेवत नाही. अर्धी गोष्ट मिळते, अर्धी हरवते. हरवलेली अर्धी गणिताने परत आणायची, हे माझं काम." मी विचारलं, "पण कशाला?" तुम्ही म्हणालात, "तुझी आई दर वर्षी रातांबा बघते. पण आतनं तो कुणीच बघितलेला नाही. कुणीतरी बघावा की नको?"

त्या कामासाठीच तुम्ही मुंबईला एवढी वर्षं शिकलात. तिथेच राहिला असतात तर मोठे झाला असतात, असं तुमचे मित्र आईला सांगायचे. पण आजोबा अंथरुणाला खिळले, तुम्ही इकडे आलात, इथल्या कॉलेजात लागलात आणि इथलेच झालात. क्ष-किरणांचं मशीन मात्र तिकडेच राहिलं. म्हणून तुमची दिवाळी, तुमचा नाताळ, तुमचा मे महिना, सगळं एस्टीत. जाताना काचेच्या नळीत सुया, येताना फिल्म. मग खिडकीपाशी बसून ते ठिपके डोळ्यांनी जोखायचे, शेजारी एक पट्टी धरून, तिच्यावर फिक्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्या होत्या. एकेका ठिपक्याला तीन आकड्यांचा पत्ता आणि काळेपणाचा एक आकडा, आकडे वहीत, वही मुंबईला. तिकडे एक बाई वहीतले आकडे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या, एका ठिपक्याला एक कार्ड. तुमचा कॉम्प्युटर अक्षरं वाचत नव्हता, भोकं वाचत होता. आता ती कार्डं गेलीच म्हणे, टीव्हीसारख्या काचेवर लिहितात.

मी पाचवीत असताना ती कार्डं घरी आली, ह्याच डब्यात. बिस्किटांचा डबा आहे हा, बेकरीवाल्याकडनं मागून आणला होतात. कॉम्प्युटरवर चढवायच्या आधी एकेक कार्ड वहीशी ताडून बघायचं होतं. दुपारची जेवणं झालीयत, आई तांदूळ निवडत निवडत वही वाचतेय, तुम्ही कार्डाच्या कडेला छापलेले आकडे बघताय.

"तीन, उणे चार, दोन. एकशे सतरा."

"बरोबर."

"तीन, उणे चार, तीन. बावीस. अहो, एवढा जप केला असता तर एव्हाना दत्तगुरू दारात उभे राहिले असते."

"आले तर त्यांनाही वाचायला बसवू. पुढे."

"तीन, उणे चार, चार. हे उणे चार संपणार कधी?"

"उणे तीन आलं की."

आईला हसू आलं की तिची ओळ चुकायची आणि परत वरनं सुरू. मला वाचायला देत नव्हतात, कारण माझा आवाज टेबलाच्या पलीकडे पोचायचा नाही. मला एवढंच सांगितलं होतंत, "डब्याला तेवढा हात लावू नको हां."

आणि दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आई तुम्हाला ओवाळायची आणि तिच्यामागून मी. पाटाभोवतीची रांगोळी माझ्याकडे. ठिपके सारखे पडावेत म्हणून आई एका जाड कागदाला उदबत्तीने भोकं पाडून द्यायची. कागद जमिनीवर ठेवायचा, वरनं रांगोळी पसरायची, कागद उचलला की ठिपके तयार. त्या वर्षी तो कागद ओल्या लादीवर राहून फाटला. आई पुरणात अडकलेली. "दुसरा तूच कर गो," म्हणाली. मी उदबत्ती आणायला पडवीत गेले आणि डबा दिसला, झाकण नुसतं टेकवलेलं. भोकांची एवढी कार्डं पडलीयत, आणि मी उदबत्ती घेऊन भोकं पाडत बसू? पुढची दोनचार काढून बघितली. भोकं कशीही, एक इकडे एक तिकडे, कामाची नव्हती. मग अगदी शेवटचं काढलं. त्याच्या खालच्या अंगाला भोकांची एक ओळ होती, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, सरळ, एकही सुटलेलं नाही. ती सगळी नऊ होती. नऊ, नऊ, नऊ. ते कार्ड तुम्ही मुद्दाम सगळ्यांच्या मागे ठेवलं होतंत. कार्डं वाचता वाचता मशीनला नवांची ओळ लागली की त्याने समजायचं, ठिपके संपले, आता गणिताला लाग. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त ओळ सरळ दिसली.

ते कार्ड सरकवत सरकवत मी पाटाच्या चारी बाजूंनी काठ काढला, लुगड्याच्या काठासारखा, बारीक आणि पांढरा. तुम्ही अंघोळ करून आलात, उटण्याचा वास येत होता तुम्हाला. पाटावर बसता बसता थांबलात. वाकलात. चष्मा कपाळावर केलात. "अगं, हे बघितलंस का?" आईला म्हणालात. "किती सारखं अंतर! हा तर स्फटिकच झाला. एक ठिपका बघितला की पुढचा कुठे येणार ते सांगता येतं." मग मला, "कसं काढलंस गो?" मी म्हटलं, "असंच." आई म्हणाली, "पोरीचा हातच तसा आहे." मी ओवाळलं. तुम्ही ताटात तुमचं भिंग घातलंत, पितळी कडीचं, ज्यातनं तुम्ही सुया बघायचात ते. "एवढं बारीक काम करणाऱ्याकडे भिंग पाहिजे," म्हणालात. आप्पा, ते मला त्या काठाबद्दल मिळालं.

कार्ड परकराच्या घडीत लपवलं होतं. दुपारी ते परकरालाच पुसलं आणि डब्यात ठेवायला गेले तर आईची हाक आली. कार्डं घट्ट बसलेली, मागे बोट शिरेना, मध्ये जरा सैल होती. तिथे सारलं. डब्यातलं डब्यात गेलं म्हणजे झालं, असं वाटलं मला. आणि दिवेलागणीला तुम्ही हाक मारलीत. भाऊबीज उरकून तुम्हाला मुंबईची एस्टी धरायची होती. "ये, दोन्ही हातांनी धर." सगळी कार्डं टेबलावर उभी करून तुम्ही कडा ठोकून सारख्या केल्यात, वीतभर जाडीची थप्पी झाली, मी ती दोन्हीकडनं दाबून धरली. तुम्ही पट्टी लावून निळ्या शाईने वरच्या कडेवर तिरकी रेघ ओढायला लागलात, ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात. "कशाला माहित्येय? एस्टीत डबा उलटला, कार्डं विखुरली, तरी रेघ जुळवली की सगळी आपापल्या जागी. एकही इकडचं तिकडे होता उपयोगी नाही. एक हललं की सगळं फुकट." तेव्हा मला कळलं. रेघ अर्ध्यावर आली होती. ते कार्ड माझ्या हातांच्या मध्येच कुठेतरी होतं, आणि तुमची शाई त्याच्यावरनं पुढे चालली होती. तोंडात शब्द आला होता माझ्या. आप्पा, एवढाच. तो घशात राहिला. तुम्ही म्हणालात, "थप्पी हलतेय गो, घट्ट धर." मी घट्ट धरलं.

मुंबईहून तुम्ही कागदाची जाडजूड घडी घेऊन आलात, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. त्यातले आकडे बघून तुम्ही काचांवर शाईने रेषा काढायचात. फोटो फ्रेमवाल्याकडनं काचा आणलेल्या, एका काचेवर एक थर, मध्ये दोऱ्याची रिकामी रिळं ठेवून एकावर एक रचलेल्या. वरनं बघितलं की आत डोंगर दिसायचे, नकाशात असतात तसे, गोलात गोल. एक डोंगर म्हणजे एक अणू. एका अंगाचे डोंगर बरे होते. दुसऱ्या अंगाला सगळं फासटलेलं, एकाला एक चिकटलेलं. तिथे सहा जणांचं कडं पाहिजे, तुम्ही म्हणायचात, सहा अणू हात धरून उभे. ते कडं काही जुळेना. आधी तुम्ही सुईला बोल लावलात, मग फिल्मला, मग डोळ्यांना. चष्म्याचा नंबर बदलून आणलात. तरी जुळेना. "ठिपके जोखताना माझेच डोळे चुकले," असं आईला सांगताना मी ऐकलं. आई म्हणाली, "अहो, एकेक ठिपका चारचार वेळा बघितलात ना तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "मग चारचार वेळा चुकीचा बघितला." ते म्हणताना तुमचा आवाज माझ्यासारखा झाला होता. तोपर्यंत मला वाटायचं, तसा आवाज घरात फक्त माझाच आहे.

मे महिन्यात तुम्ही नवीन सालं घेतलीत, नव्या बाटल्या लावल्यात. पावसाळाभर परत नव्या फिल्म, परत ठिपके. खिडकीत उजेड नाही म्हणून टेबलावरचा दिवा दिवसाही चालू. विद्यार्थी आले की पूर्वी काचा दाखवायचात, त्या वर्षी काचांवर कापड घालून ठेवायला लागलात. मी रोज ठरवायची, आज सांगू. पण काय सांगायचं तेही मला धड माहीत नव्हतं. मी एक कार्ड हलवलं होतं, एवढंच. तेवढ्याने कडं तुटतं का, हे विचारायचं कुणाला? विचारण्यासारखं माणूस एकच होतं, आणि ते दिव्याखाली डोळे चोळत बसलं होतं.

मग नवरात्रात तुम्ही जुनी कार्डं परत काढलीत, नव्या आकड्यांशी ताडून बघायला. परत आई वाचतेय, तुम्ही बघताय, मी खाली बसून नारळ खवतेय.

"पाच, दोन, उणे एक. चाळीस."

तुम्ही हातातलं कार्ड डोळ्यांजवळ नेता.

"चाळीस म्हटलं. झोपलात की काय?"

"थांब जरा."

तुम्ही कार्ड घेऊन खिडकीशी गेलात. उलटसुलट केलंत. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझं भिंग आण गो." मी आणून दिलं, हात खोबऱ्याचे तसेच. तुम्ही भिंग लावून त्या नवांच्या भोकांकडे बघत राहिलात. आई विचारतेय, "काय झालं? काय मिळालं?" तुम्ही भिंग सदऱ्याला पुसलंत, माझ्या हातात परत दिलंत, आणि भिंगासकट माझी बोटं जराशी मुठीत धरलीत. "काही नाही," आईला म्हणालात. "एक कार्ड भलत्या जागी होतं. माझ्याच हातून झालं असणार." आणि मग हसायलाच लागलात, मोठ्याने, कितीतरी महिन्यांनी. "अगं, डोळे चांगले आहेत माझे! डोळ्यांना काहीसुद्धा झालेलं नाही!"

"मग तो चष्म्याचा नवीन नंबर?" आई म्हणाली.

"तो चुकीचाच असणार!"

नाताळात तुम्ही मुंबईला जाऊन आलात आणि कडं जुळलं. काचा रचून आम्हा दोघींना उभं केलंत. "हे बघा, रातांबा आतनं." सहा डोंगर, गोल, हात धरून. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याला मीठ किती लागेल?" तुम्ही त्यावर जेवताना परत हसलात. मग तुम्ही निबंध लिहून परदेशातल्या मासिकाला पाठवलात. त्यांच्या शंका आल्या, तुमची उत्तरं गेली. जुलैत एका संध्याकाळी तुम्ही कॉलेजातनं आलात, छत्री पडवीत उघडी वाळत ठेवलीत, म्हणालात छातीत जरा भरून आलंय. छत्री वाळायच्या आत तुम्ही गेलात. गणपतीच्या आधी टपाल आलं, जाड पाकीट. आत तुमचा निबंध छापलेला, बऱ्याच प्रती, वर तुमचं नाव. आईने ते तसंच तुमच्या फोटोपुढे ठेवलं. मी फोटोसमोर बसून मनात मोजलं. पाडव्याला ते कार्ड जागेवर असतं तर हे पाकीट एक वर्ष आधी आलं असतं. तुम्ही ते स्वतः फोडलं असतंत. वास घेतला असतात आधी, तुम्ही प्रत्येक नव्या कागदाचा वास घ्यायचात.

पुढे शाळेचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. नववीत मिठाच्या स्फटिकाचा धडा आला. सर म्हणाले, "हिला विचारा, हिच्या घरातला विषय आहे." मी उभी राहिले. मला येत होतं आप्पा, वाळू, लाट, फिल्म, सगळं येत होतं. शब्द तोंडात आला आणि घशात राहिला, अगदी त्या दिवेलागणीसारखा. सर म्हणाले, "वडिलांची मेहनत वाया घालवणार ही." त्यांनी सहज म्हटलं असेल. पण त्यांना काय माहीत, मी ती आधीच एकदा घालवली होती. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. आईने रडून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी मावशीने मला तिच्या कारखान्यात घेतलं. कारखाना म्हणजे तिच्या घरामागची पत्र्याची शेड. बरणीत रातांब्याची सालं आणि साखर, थरावर थर, आणि बरण्या उन्हात. मला आवडतं तिथे, बोलावं लागत नाही. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हिला जीभ दिल्येय ती चव बघायला." जुन्या बरणीच्या तळाशी कधी कधी साखरेचे खडे धरतात. बायका खरवडून टाकतात. मी आधी भिंगातनं बघते, मग टाकते.

मागच्या रविवारी तुमचे ते विद्यार्थी आले तेव्हा मी चहा ठेवून आत वळले होते. मग काय झालं मलाच कळलं नाही, दारात थांबले आणि विचारलं, "शेवटचं कार्ड मध्येच आलं तर काय होतं?" आई बघतच राहिली. त्यांनी चष्मा वर ढकलला. "नवांचं कार्ड ना? मशीनला वाटणार, संपलं. पुढची कार्डं वाचणारच नाही. अर्ध्याच ठिपक्यांवर गणित करून मोकळं. सरांचं झालं होतं की तसं एकदा. किती कार्डं वाचली ते पहिल्या पानावर छापून येतं, पण सरांनी बघितलंच नाही. रेघ सरळ होती ना, म्हणून." मग हसले. "शेवटच्या वर्षी आम्हाला दहा वेळा सांगितलं असेल. रेघेवर विसंबू नका रे, रेघ ओढायच्या आधी मागचं कार्ड बघा. दिवाळीच्या गडबडीत माझ्या हातून घोटाळा झाला, तुमच्या हातून नको." मी विचारलं, "दिवाळीच्या म्हणाले?" ते म्हणाले, "हो, असंच म्हणायचे." मी आत गेले आणि विळी पुढ्यात घेऊन नुसतीच बसले. कार्ड दिवाळीतच हललं, आधी नाही, हे तुम्हाला कुठनं कळलं, आप्पा? कार्डावर तारीख नसते.

आज डबा उघडला तर वरच्या कडेवर दोन रेघा आहेत. निळी आपली, सरळ. मध्ये एका ठिकाणी ती केसभर तुटलीय, आणि सगळ्यात मागच्या कार्डाच्या कडेवर निळ्या शाईचा एकच ठिपका आहे, रेघेपासून लांब, एकटाच. दुसरी रेघ लाल, नंतर ओढलेली. ती वाकडी आहे. दोन ठिकाणी पट्टी सरकलीय. तुमची रेघ आणि वाकडी, म्हणून मी बघत बसले. मग लक्षात आलं. लाल रेघ ओढताना तुम्ही मला धरायला बोलावलंच नव्हतंत. नाताळात मी घरातच होते, कुठे जाणार होते? एका हाताने थप्पी दाबून दुसऱ्या हाताने ओढलीत ती. मला परत त्या टेबलाशी उभं करायचं नव्हतं तुम्हाला.

मग भिंग घेऊन मागचं कार्ड बघितलं. पुसलं होतं मी ते परकराला, पण नीट पुसलं नव्हतं. नवांच्या एका भोकाच्या कोपऱ्यात रांगोळीचा पांढरा कण अजून आहे. म्हणजे तुम्हीही तो बघितलात. तुम्ही रागावला नव्हतात ते वाकड्या रेघेवरनं कळतंय. फक्त राग कधी गेला ते कळत नाही, खिडकीशी की माझी बोटं धरलीत तेव्हा, की तो आलाच नव्हता. ते तुम्ही कुठे लिहून ठेवलं नाहीत.

हे पत्र मी डब्यात घालणार होते. पण मग ते काचेच्या कपाटात जाईल आणि पोरं वाचतील, म्हणून वहीतच राहू दे. उद्या ते आले की डबा मी माझ्या हाताने देणार आहे, आईकडनं नाही. आणि सांगणार आहे की त्या दिवाळीत कार्ड मी हलवलं होतं, सरांनी नाही. आवाज निघेल असं वाटतंय. नाही निघाला तर परत सांगेन.

एक राहिलं. कार्डं मी परत नीट लावली, डबा पुसला, झाकण घट्ट बसवलं. पण शेवटचं त्यात नाही. ते मी परत काढून घेतलंय. आता लपवलेलं नाही, इथे समोरच आहे, वहीवर, भिंगाखाली. उद्या त्यांनी थप्पी बघून विचारलं, मागचं कार्ड कुठे गेलं, तर "असंच" म्हणणार नाही मी.